डार्लीनबाईंना सगळंच आवडतं

हेडविग माउररबाईंनी पाण्याची झारी खाली ठेवली, मातीचे हात झटकले आणि घरच्या थडग्यावरची डावीकडची मोकळी जागा बोटानं दाखवत आपल्या अमेरिकन विहीणबाईंना म्हणाल्या, "ही तुझी. मी माझ्या नवऱ्याशेजारी, तू माझ्याशेजारी. दगडावर तुझं नाव मावेल, मी मोजून बघितलंय."

डार्लीन प्रुइटबाईंनी त्या जागेकडे पाहिलं. तिथं लाल बेगोनियाची रोपं ओळीत लावलेली होती आणि त्यांच्या कडेची माती नुकतीच खुरपून काढलेली होती. इथं आपल्याला यायचं नाही, हे बाईंना त्याच क्षणी कळलं. तोंड मात्र सवयीनं आपलं काम करून मोकळं झालं.

"किती सुंदर जागा आहे गं. हेडविग, तू किती मोठ्या मनाची आहेस."

"मोठं मन वगैरे काही नाही," हेडविगबाई म्हणाल्या. "जागा रिकामी आहे. माझी बहीण मागत होती, तिला नाही म्हणून सांगितलं. तू इथं राहणार, म्हणजे इथंच मरणार, मग तुला कुठंतरी पुरायला नको का?"

मंगळवारची संध्याकाळ होती. जर्मनीतल्या एस्लिंगनच्या दफनभूमीत गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या झाऱ्या घेऊन आपापल्या माणसांना पाणी घालत होत्या आणि शेजारच्या थडग्यावरचं तण कुणी काढलं नाही यावर नाकं मुरडत होत्या. डार्लीनबाई त्यांच्यात उभ्या राहून मनात एकच गोष्ट घोळवत होत्या. परवा, गुरुवारी सकाळी, जावई त्यांना गाडीनं फ्रँकफर्टला नेणार. तिथल्या अमेरिकन वकिलातीत त्या एका कागदावर सही करणार. त्या सहीनं कॅन्ससमधलं त्यांचं घर शेजाऱ्याच्या मुलाचं होणार, आणि डार्लीनबाई या गावच्या. म्हणजे हातात उरला फक्त उद्याचा बुधवार. उद्याच्या दिवसात कधीतरी त्यांना म्हणायचं होतं की मला इथं राहायचं नाही, मला माझ्या घरी जायचंय. लहान पोरालाही सांगता येईल एवढी साधी गोष्ट. पण बाईंच्या तोंडून ती निघत नव्हती, उलट आज तर त्यांनी थडग्याचंसुद्धा कौतुक केलं होतं.

आता गंमत बघा. या बाईंना कुणीही अडकवलं नव्हतं. ना मुलीनं, ना जावयानं, ना या कडक शिस्तीच्या विहिणीनं. त्यांनी आपल्याच गोड बोलण्यानं स्वतःभोवती विटा रचल्या होत्या, आणि प्रत्येक वीट ठेवताना वर पुन्हा म्हणाल्या होत्या, वा, काय छान वीट आहे.

डार्लीनबाईंचं आयुष्य गेलं हमरस्त्यावरच्या एका खाणावळीत. मालकीण म्हणून नव्हे, वाढपीण म्हणून. कॅन्ससमध्ये रस्ता नाकासमोर सरळ जातो, दोन्ही बाजूंना गहू, आणि मध्येच ही खाणावळ. ट्रकवाले यायचे, शेतकरी यायचे, रविवारी चर्च सुटल्यावर कुटुंबंच्या कुटुंबं यायची. येईल त्याला बाई विचारायच्या, "काय राजा, कसं चाललंय?" त्याच्या शिळ्या विनोदावर हसायच्या, बायकोच्या नव्या केसांना छान म्हणायच्या, रडक्या पोराला जगातलं सगळ्यात गोड पोर ठरवायच्या. आणि हे ढोंग नव्हतं हो. तिथं माणसं असंच बोलतात. दुकानात, पेट्रोल पंपावर, दवाखान्यात, अनोळखी माणूस अनोळखी माणसाला चार गोड शब्द देतो आणि दोघंही ते तिथंच सोडून पुढं जातात. ते शब्द कुणी घरी नेऊन तपासत नाही.

नवरा ॲरिझोनाला काम बघायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. मुलगी शेल्बी तेव्हा पहिलीत होती. "तिकडं त्याचं मस्त चाललंय," असं बाई गिऱ्हाइकांना कितीतरी वर्षं सांगत राहिल्या, इतक्या हसऱ्या तोंडानं की पुढं कुणी विचारलंच नाही. शेल्बी शाळा सुटली की खाणावळीतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून अभ्यास करायची, आणि आईला टेबलाटेबलांतून फिरताना बघायची. ती मोठी झाली, विद्यापीठात गेली, तिथं जर्मनीहून शिकायला आलेला यॉर्ग माउरर तिला भेटला. लग्न करून दोघं इकडं आली. घर हेडविगबाईंचं. खाली त्या राहतात, मधल्या मजल्यावर मुलगा-सून, अगदी वर एक भाडेकरू. हिवाळा संपताना शेल्बीला मुलगी झाली, टिल्डा, तेव्हा डार्लीनबाई बाळंतपणाला आल्या. परतीचं तिकीट जूनअखेरचं होतं.

सगळं बिघडलं ते ईस्टरच्या जेवणाला. हेडविगबाईंनी कोकराचं मटण केलं होतं, बटाट्याचं सॅलड होतं, बाळ मांडीवर झोपलं होतं आणि खिडकीतून द्राक्षमळ्यांचा हिरवा उतार दिसत होता. डार्लीनबाई खुर्चीत मागं रेलल्या आणि म्हणाल्या, "मी तर बाई कायमची इथंच राहीन."

कॅन्ससमध्ये या बोलण्याचा अर्थ, जेवण झकास झालंय. त्यावर यजमानीण म्हणते, "मग राहा की," सगळे हसतात, आणि कुणीतरी गोडाचं ताट आणायला उठतं. पण इथं यॉर्गनं काटा ताटात ठेवला. यॉर्ग यंत्रांचे सुटे भाग तपासणाऱ्या खात्यात इंजिनिअर. कुणी काही म्हटलं की ते त्याला म्हणायचंच होतं, असं धरून चालणारा सरळ माणूस.

"खरंच?" त्यानं विचारलं.

"अगदी खरंच," बाई म्हणाल्या. आता तुम्हीच सांगा, भरल्या ताटावर कुणी 'खरंच?' विचारलं तर 'छे, उगाच म्हटलं' असं कोण म्हणतं?

"बरं," यॉर्ग म्हणाला. हेडविगबाईंनी मान हलवली. शेल्बी आईकडे बघत राहिली. पुढच्या आठवड्यात तळमजल्यावरच्या मागच्या दोन खोल्या बाईंसाठी रिकाम्या झाल्या.

पहिल्यांदा बाईंना वाटलं, चेष्टा चाललीय. मग भिंतींना कोणता रंग आवडेल असं विचारलं गेलं, आणि बाई म्हणाल्या कुठलाही चालेल, सगळे सुंदर आहेत. मग यॉर्गनं कॅन्ससच्या घराची चौकशी केली. घर रिकामं पडून खराब होतं, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. शेजाऱ्याचा मुलगा लग्न करणार होता, त्याला घर हवं होतं. बाईंनी फोनवर त्याला सांगितलं, "अरे वा, तुमच्यासारखं जोडपं त्या घरात आलं तर मला किती आनंद होईल." एवढं म्हटल्यावर त्या पोरानं घराच्या कामाला माणसं लावली. त्याचा तरी काय दोष?

त्यात यॉर्ग भला माणूस. सासूबाई राहणार तर त्यांनी आजूबाजूचा मुलूख बघायला नको का, म्हणून दर शनिवारी तो त्यांना कुठल्या ना कुठल्या शहरात घेऊन निघायचा. स्ट्रासबुर्ग झालं, बाझल झालं, व्हिएन्नाला तर दोन रात्री मुक्काम झाला. बाईंचे पाय सुजायचे. मैलभर चालून गेलं की एक चर्च, त्यातून बाहेर पडलं की आणखी मैलभर. हॉटेलात पाणी मागितलं की बाटली विकत यायची, बर्फ मागितला की वाढपी त्यांच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायचा आणि पेल्यात बर्फाचा एक खडा टाकून आणायचा. लघवीला जायचं तर दारात पैसे. व्हिएन्नाच्या कॉफीघरातली वाढपीण कप ठेवून गेली ती पुन्हा फिरकलीच नाही. डार्लीनबाईंचा जीव कासावीस झाला. आपलं काही चुकलं का, असं त्यांनी यॉर्गला विचारलं. "नाही," तो म्हणाला, "ती तुम्हाला शांतपणे बसू देतेय." बाईंना शांतपणे बसायचं नव्हतं. त्यांना त्या पोरीला विचारायचं होतं की तुझे पाय दुखत नाहीत का गं, मालक बरा आहे का. पण त्या काय म्हणाल्या? "फारच आवडलं मला हे." मग पुढच्या शनिवारी आणखी एक शहर.

आणि बोलायला कुणी नाही, हे सगळ्यात वाईट. बसमध्ये शेजारच्या बाईच्या टोपीला छान म्हटलं तर ती टोपी काढून बघायला लागली, काही चिकटलंय की काय म्हणून. जिन्यात वरच्या मजल्यावरचे भाडेकरू भेटले, त्यांना सवयीनं "कसं काय, बरं आहे ना?" विचारलं, तर ते पायरीवर थांबले आणि गुडघ्याच्या ऑपरेशनपासून झोपेच्या गोळ्यांपर्यंत सगळं सांगून मगच वर गेले, पुढं महिनाभर नुसती मान हलवत राहिले. माणसं वाईट नव्हती. बाळासाठी दारात कुणी विणलेले मोजे ठेवून गेलं होतं, नाव न लिहिता. पण ज्या बाईनं दिवसाकाठी शंभर माणसांशी बोलून आयुष्य काढलं, तिला दिवसभरात आपलाच आवाज ऐकू येईनासा झाला. कधीकधी बाई न्हाणीघरात नळ सोडून आरशाशी बोलायच्या. "काय राणी, कसं चाललंय?" आणि मग त्यांना रडू यायचं.

हे सगळं मुलीला सांगावं, तर शेल्बी रात्रभराच्या जागरणानं पिवळी पडलेली. तिच्या तोंडाकडे बघून बाई म्हणायच्या, "किती छान संसार मांडलायस गं."

बुधवार उजाडला तो डार्लीनबाईंच्या झाडूच्या पाळीचा. या घरात, म्हणजे या सगळ्या मुलखातच, जिना आणि दारापुढचा रस्ता झाडण्याची पाळी एकेका आठवड्यानं एकेका बिऱ्हाडाकडे येते, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर एक लाकडी पाटी टांगली जाते. आज सकाळी बाई उठून बघतात तर पाटी त्यांच्या खोलीच्या दाराला. मुलीच्या बिऱ्हाडाच्या नव्हे, तळमजल्यावरच्या त्यांच्या नव्या खोलीच्या. म्हणजे आता त्या पाहुण्या उरल्या नव्हत्या. बाईंनी झाडू घेतला आणि ठरवलं, आज सांगायचंच. आधी आडून, मग जमलं तर सरळ.

जिना झाडून झाल्यावर त्या हेडविगबाईंकडे गेल्या. हेडविगबाई स्वयंपाकघरात बसून पडद्यांना अस्तर लावत होत्या. तेही पडदे डार्लीनबाईंचेच. हेडविगबाईंची सगळी नोकरी एका कारखान्याच्या परदेशी पत्रव्यवहारात गेलेली, त्यामुळे इंग्रजी चोख होतं, पण ते पत्रासारखंच कोरडं.

"हेडविग, मला तुझ्यावर ओझं व्हायचं नाही," बाई म्हणाल्या. घरी, कॅन्ससमध्ये, एवढं म्हटलं की समोरच्याला सगळं कळतं.

"तू ओझं नाहीस."

"नाही, पण तू इतकं करतेस. मला अवघडल्यासारखं होतं."

"ओझं झालं असतं तर मी सांगितलं असतं," हेडविगबाई दातानं दोरा तोडत म्हणाल्या. "ईस्टरलाच सांगितलं असतं. मला नको असलेलं माणूस मी घरात घेत नाही. माझ्या भावाला विचार."

"तरीपण, म्हातारपणी कुणी आजारी पडलं, अंथरुणाला खिळलं…"

"मग बघू. आधी कोण खिळतंय ते तर कळू दे. जरा उभी राहा, लांबी बघते."

बाई उभ्या राहिल्या. हेडविगबाईंनी पडदा त्यांच्या खांद्याशी धरला आणि टाचणी लावली.

दुपारी यॉर्ग लवकर घरी आला, उद्याचे कागद नीट लावून ठेवायला. बाईंनी त्याला गाठलं.

"यॉर्ग, मला वाटतं, आपण आणखी थोडा विचार करावा का?"

"कशाचा?" त्यानं अगदी मनापासून विचारलं.

"सगळ्याचाच. म्हणजे घाई नको व्हायला."

"कुठली गोष्ट घाईची वाटते तुम्हाला? सांगा, ती आपण बदलू."

आता आली का पंचाईत. घाईची अशी कुठलीच गोष्ट नव्हती, सगळं अगदी वेळेवर चाललं होतं. "नाही, तसं काही नाही," बाई म्हणाल्या. "तू किती नीट करतोस सगळं."

"मग निघू सातला," यॉर्ग म्हणाला, आणि समाधानानं कागद पिशवीत घातले.

या माणसांच्या घरात आडवाटच नव्हती. सूचक बोललं तर कळत नव्हतं, आणि सरळ बोलायला बाईंची जीभ कधी वळलीच नव्हती. त्यांना राग आला. यॉर्गचा, हेडविगचा, या गावाचा, पण सगळ्यात जास्त स्वतःचा. अडुसष्ट वर्षांची बाई, पायांनी धड, डोक्यानं धड, आणि एक 'नाही' बोलता येत नाही म्हणून परक्या मातीत बेगोनियाखाली जायला निघालीय.

संध्याकाळी सगळे खाली हेडविगबाईंकडे जेवायला बसले. बुधवार म्हणजे वजडी. आंबट रश्शात शिजवलेले गाईच्या जठराचे तुकडे, बरोबर परतलेले बटाटे. आल्या आल्या पहिल्याच बुधवारी बाईंनी एक घास कसाबसा गिळून "अप्रतिम" म्हटलं होतं, तेव्हापासून हेडविगबाईंनी एकही बुधवार चुकवला नव्हता. बाईंना तो वास दारातूनच कळायचा. त्या बटाटे खायच्या, वजडीचे तुकडे हळूच कागदी रुमालात गुंडाळायच्या आणि रुमाल बाहीत सारायच्या.

आज त्यांनी रुमाल घ्यायला हात खाली नेला आणि हेडविगबाईंनी त्याच वेळी दुसरा डाव भरून त्यांच्या ताटावर आणला.

"उद्या लांबचा प्रवास आहे. घे."

"नको," डार्लीनबाई म्हणाल्या.

आवाज आपलाच आहे का, असं वाटून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. डाव हवेत थांबला होता.

"पोट भरलं?" हेडविगबाईंनी विचारलं.

"नाही. मला हे आवडत नाही. कधीच आवडलं नाही." एकदा तोंड उघडलं, आता ते मिटेना. "मला वजडी आवडत नाही, हेडविग. मला त्या शहरांत पाय तोडत हिंडायला आवडत नाही, यॉर्ग. मला त्या पडद्यांचा रंग आवडत नाही. मला तुमच्या थडग्यात यायचं नाही. मी उद्या फ्रँकफर्टला येणार नाही, आणि माझं घर मी विकणार नाही. मला घरी जायचंय."

आता आभाळ कोसळणार, हेडविग उठून जाणार, जावई तोंड फिरवणार, असं धरून बाई खाली मान घालून बसल्या.

हेडविगबाईंनी डाव परत पातेल्यात ओतला. "बरं," त्या म्हणाल्या. "पाव आहे, चीज आहे. ते आवडतं की तेही नाही?"

"चीज आवडतं."

"मग इतके बुधवार खाल्लं कशाला? मला वजडी साफ करायला तासन्तास जातात. मी तुझ्यासाठी करत होते. आम्हाला वर्षातून एकदा पुरे असते." त्या उठून चीज आणायला गेल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "बहिणीला फोन करते. जागा तुला देऊन टाकलीय असं ती सगळ्या गावाला सांगत फिरतेय."

यॉर्गनं खिशातून फोन काढला. "मी उद्याची वेळ रद्द करतो," तो म्हणाला. चेहऱ्यावर रागाची रेघ नाही. थोडा गोंधळला होता, एवढंच. "तुम्ही ईस्टरला खरंच म्हणालात, म्हणून मी धरून चाललो. दुपारी मी विचारलं तेव्हा सांगितलं असतं तरी चाललं असतं."

संपलं. एवढंच होतं ते. इतके दिवस बाई ज्या दाराला डोकं आपटत होत्या, ते नुसतं लोटलेलं होतं. त्यांना हसू यायला लागलं आणि त्या हसू लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हेडविगबाईही, का ते न कळता, जरा हसल्या. मग डार्लीनबाईंनी समोर पाहिलं. शेल्बीची खुर्ची रिकामी होती.

ती वर आपल्या बाल्कनीत बाळाची दुपटी वाळत घालत होती. जूनचा दिवस, अजून चांगला उजेड होता. बाईंनी वर जाऊन चिमट्यांची टोपली उचलून हातात धरली, जशी त्या रोज धरायच्या.

"रागावलीस का गं?"

"नाही." शेल्बीनं एक दुपटं झटकलं. "तू जाणार हे मला माहीत होतं. तू बाहीत वजडी लपवतेस, न्हाणीघरात एकटी बोलतेस. मला दिसतं ना, मॉम."

"मग बोलली का नाहीस?"

"बघत होते, तू कधी बोलतेस ते."

बाईंनी चिमटा पुढं केला. शेल्बीनं तो घेतला, पण लावला नाही.

"एक विचारू? आज खरं बोलतेच आहेस तर. मी यॉर्गबरोबर इकडं येतेय हे सांगायला खाणावळीत आले होते, तेव्हा तू टाळ्या वाजवल्या होत्यास. सगळ्या गिऱ्हाइकांना ओरडून सांगितलंस, माझी पोरगी युरोपला चालली. सगळ्यांना केक वाटलास."

"हो," बाई म्हणाल्या. त्यांना सगळं आठवत होतं.

"तेव्हा तुला आनंद झाला होता का?"

नेहमीचं उत्तर बाईंच्या ओठांवर अगदी तयार होतं. त्यांनी ते गिळलं. "नाही," त्या म्हणाल्या. "केक वाटून झाल्यावर मी मागं भाजीच्या थंड खोलीत जाऊन बसले. बटाट्याच्या पोत्यावर. मालक शोधत आला तेव्हा म्हटलं, कांदे मोजतेय."

शेल्बीनं मान डोलावली, जणू तिला हे आधीच माहीत होतं आणि आज कुणीतरी सही करून दिलं.

"माझं ठरलं नव्हतं, मॉम," ती म्हणाली. "मी यॉर्गला सांगितलं होतं, आई एकटी आहे, तिला विचारते. ती नको म्हणाली तर मी येणार नाही. तो म्हणाला, बरं. तू ओळखतेसच त्याला, तो तिकडंच थांबला असता. मी तुला विचारायलाच आले होते. तू माझं बोलणं पुरंसुद्धा होऊ दिलं नाहीस. टाळ्याच वाजवायला लागलीस. मला वाटलं, मी नसले तरी हिचं चालेल."

खाली हेडविगबाई ताटं विसळत होत्या, त्याचा आवाज वर येत होता. डार्लीनबाईंना काहीतरी बोलायचं होतं, पण आयुष्यभर बोलून बोलून जे शब्द त्यांनी जमवले होते त्यातला एकही इथं चालणारा नव्हता. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि मुलीचा हात धरला. हात साबणाच्या पाण्यानं गार पडलेला होता.

"मला माफ कर, शेल. पण तू सुखी आहेस ना गं इथं? मला खरं सांग."

शेल्बीनं हात हळूच सोडवून घेतला. शेवटचं दुपटं दोरीवर सरळ केलं, चिमटा लावला, आणि आईकडे वळून ती हसली. पूर्ण हसू, दात दाखवून, मान जराशी एका बाजूला कलती करून.

"अगं हो, मस्त आहे सगळं. यॉर्ग किती चांगला आहे, टिल्डा किती गोड आहे, हेडविग तर जीव लावते. मला काही म्हणजे काही कमी नाही."

डार्लीनबाई त्या हसण्याकडे बघत राहिल्या. भरल्या खाणावळीत, पाय मोडून आलेले असताना, नवरा गेलेला असताना, ते हसू त्यांनी वर्षानुवर्षं टेबलाटेबलांवर नेलं होतं, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर एक पोरगी वही उघडी ठेवून ते बघत बसलेली असायची.

यॉर्ग दारात आला. हातात फोन होता आणि चेहरा नेहमीसारखाच सरळ. "वकिलातीतली वेळ रद्द झाली," तो म्हणाला. "आता तुमचं जूनअखेरचं तिकीट तसंच ठेवायचं ना? म्हणजे तुम्हाला जायचंय, हे नक्की?"

शेल्बी दोरीकडे तोंड करून उभी होती. डार्लीनबाईंनी जावयाकडे पाहिलं, मग मुलीच्या पाठीकडे पाहिलं. आज त्यांना खरंच बोलायचं होतं, आणि आता खरं काय हेच त्यांना ठाऊक नव्हतं.